संध्याकाळपर्यंत मॅसिडनला

काका गेल्याचं दादाने मला गराजमध्ये सांगितलं. क्रेगीबर्न उपनगरातल्या त्या नव्या घराच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या होत्या. आईला ऐकू जाणार नाही अशी त्याला तेवढी एकच जागा सापडली. तिथेही तो आधी गाडीत जाऊन बसला, मला शेजारी बसवलं आणि काचा वर केल्या. गाडी जागच्या जागी उभी, समोर भिंतीला टेकवलेली बाबागाडी, आणि दादा स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "बाबा गेले. पहाटे फोन आला."

दादा माझा नात्याचा कोणी नव्हता. मी त्याच्या घरातली भाडेकरू, मागच्या खोलीत राहणारी. शिकायला आले होते. महामारीच्या सुरुवातीलाच कॅफेतली नोकरी गेली, आणि आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी आता आपापल्या देशात परत जावं, असं इथल्या सरकारने टीव्हीवरून सांगितलं. विमानं बंद होत असताना. दादा आणि वहिनींनी मात्र मला जा म्हटलं नाही, आणि त्यात काकूंचा मोठा हात होता. काकू म्हणजे दादाची आई. सुनेच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून एकट्या आल्या होत्या. काका मागाहून येऊन त्यांना घेऊन जाणार होते. मग सगळं बंद झालं. मधे खास विमानं सुटायला लागली तेव्हा काका फोनवर म्हणाले, सून नर्स, तिच्या ड्युट्यांच्या वेळी बाळाला कोण सांभाळणार, तू राहा, मी इथे मजेत आहे. काकू राहिल्या. नात चालायला लागली. आणि दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये साताऱ्यात काकांना ताप आला.

"ऐक ना," दादा म्हणाला. "आईला आज बाहेर ने कुठेतरी. संध्याकाळपर्यंत. ताई सिडनीहून येतेय, तिला संध्याकाळचं विमान मिळालंय. ती आली की आम्ही दोघं बहीणभाऊ मिळून सांगू."

"आत्ताच सांग ना."

"तिचं बीपी माहितीये तुला."

"बीपी संध्याकाळी कमी होणार आहे का?"

त्याने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मला एकट्याला नाही जमणार."

हे त्याने इतकं सरळ सांगितलं की पुढचं वाक्य माझ्या तोंडात आलेलं असूनही मी ते बोलले नाही. पण आतून मी पेटलेच होते. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आईबाबा दोघंही इचलकरंजीला यंत्रमाग कामगारांमध्ये काम करायचे. छापखान्यातून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे आणि शाळेतून आले की घड्या घालायचं काम माझं. बाबा म्हणायचे, पत्रकात विशेषणं कमी आणि मागणी स्पष्ट पाहिजे. आई म्हणायची, माणसापासून त्याच्याच आयुष्याची बातमी लपवतात तिथून अन्याय सुरू होतो. पगारातून काय कापलं ते कामगाराला कळत नाही. पोटात गाठ आहे हे डॉक्टर नवऱ्याला सांगतो, जिच्या पोटात आहे तिला नाही. आणि ज्या बाईचा नवरा गेला तिलाच ते सगळ्यांच्या शेवटी कळणार. सगळ्या गावाला ठाऊक, ती आपली तुळशीला पाणी घालतेय. काळजीपोटी. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

"मी नेते," मी म्हणाले. "पण खोटं बोलणार नाही. त्यांनी मला सरळ विचारलं तर मी सांगेन."

"ती विचारणार नाही." दादा पहिल्यांदा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे सुजले होते, म्हणून तो सकाळपासून टोपी घालून फिरत होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "आईने आयुष्यात कधी कोणाला सरळ काही विचारलेलं नाही. आणि मी सगळ्यांना फोन केलेत. माझे काका, काकी, आत्या, मामा, सगळ्यांना. आईला कोणी फोन करायचा नाही, ग्रुपवर कोणी काही टाकायचं नाही. फक्त तू सांभाळ."

ऑफिसातल्या एखाद्या कामासारखा त्याने बंदोबस्त केला होता. दुसरं तो करणार तरी काय होता? त्याला जाता येत नव्हतं. भारतातून विमानं बंद, आणि तिथून आलेल्या स्वतःच्याच नागरिकाला दंड, तुरुंग, अशी घोषणा त्याच आठवड्यात झाली होती. हातात पासपोर्ट कुठलाही असो, चेहरा कुठला आहे ते बघून सरकार ठरवतं, हे मी पत्रकात लिहिलं असतं. दादा लिहिणाऱ्यांतला नव्हता. तो गराजमध्ये, बंद गाडीत, टोपी घालून बसला होता. साताऱ्यात त्याच्या वडिलांना नगरपालिकेची गाडी घेऊन जाणार होती आणि मागे चालायला कोणाला परवानगी नव्हती.

काकूंना पानं बघायची होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या एप्रिलमध्ये ऑटम, इथली पानगळ, आली तेव्हा लॉकडाऊन. रस्त्याच्या टोकाला एक लाल झालेलं झाड होतं, काकू रोज तासाभराच्या फिरण्यात त्याच्याखाली जाऊन उभ्या राहायच्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मॅसिडनच्या डोंगरावर असे अख्खे रस्तेच्या रस्ते असतात. त्यांनी ते काकांना सांगितलं आणि काका म्हणाले, जाशील तेव्हा मला दाखव.

"आज जाऊ या का काकू?" मी विचारलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या.

"आज?" त्या म्हणाल्या. मग दादाकडे बघितलं. तो नातीला खेळवण्यात गुंतला होता. "बरं. मग याच कणकेच्या तिखटमिठाच्या पुऱ्या करते."

गाडीत त्या पुढे बसल्या, मांडीवर डबा. हमरस्ता सुटून दोन्ही बाजूंना शेतं लागली तरी त्या काही बोलल्या नव्हत्या. दादा म्हणाला ते खरं होतं, काकू विचारत नसत. त्या वाक्य समोर ठेवत आणि वाट बघत.

"सुट्टीच्या दिवशी काम आलं त्याला."

मी गिअर बदलला. गाडी ऑटोमॅटिक होती, गिअर बदलायची गरज नव्हती.

"बाळालाही ठेवून घेतलं. थंडी आहे म्हणे. मागच्या आठवड्यात याहून जास्त होती, तेव्हा तलावावर घेऊन गेला होता."

"डोंगरावर जास्त असते काकू," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. तरी स्वतःच्या आवाजाची मला लाज वाटली.

"तुझं ते नवीन पत्रक वाचलं मी," त्या म्हणाल्या. विद्यार्थ्यांच्या घरभाड्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. दादाच्या प्रिंटरवर छापलं आणि काकूंनी माझ्याबरोबर बसून घड्या घातल्या होत्या. पातळाच्या निऱ्या धराव्यात तशा त्या कागदाची घडी धरत. "चांगलं आहे. फार ओरडतेस पण."

"ओरडल्याशिवाय ऐकतंय कोण?"

"मी ऐकते की. मला एवढं ओरडून नको सांगूस."

त्या हसल्या. मीही हसले, आणि मग पुढचे बरेच किलोमीटर मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

डोंगरावरचं ते उद्यान म्हणजे एक मोठी जुनी बाग, मागे पसरलेलं रान आणि मधे एक तळं. फाटकापाशी फोनने क्यूआर कोडचा चौकोन स्कॅन करून नाव नोंदवायचं होतं. काकूंना ते आता सरावाचं झालं होतं, त्यांनी माझ्या आधी केलं. आत गेलो आणि त्या थांबल्या. मेपल लाल होते. काही इतके लाल की उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ओक तपकिरी, बीच तांबूस, आणि त्यांच्या खालची जमीन दिसतच नव्हती. मुलं पानांचे ढीग करून त्यात उड्या मारत होती. एक नवरी पांढरा झगा सावरत फोटोग्राफरच्या मागे चालली होती.

"आपल्याकडे पान पिवळं पडलं की झाडाला काय झालं म्हणून बघतो," काकू म्हणाल्या. "इथे तिकीट काढून बघायला येतात." मग जरा पुढे जाऊन, "एवढं झाडतं कोण गं?"

"कोणी झाडत नाही. तसंच ठेवतात."

"चैन आहे."

त्यांनी फोन काढला, हात लांब धरला आणि व्हिडिओ सुरू केला. "अहो, हे बघा. हा मेपल. हे सगळं लाल आहे ते फूल नाहीये, पान आहे. आवाज ऐका चालताना." त्या मुद्दाम पाय घासत चालल्या. पानं कुरकुरली. "तुम्ही बरे झालात की पुढच्या वर्षी आणेन तुम्हाला. गुडघ्याचं नाटक करायचं नाही. सपाट आहे सगळं." त्यांनी व्हिडिओ पाठवला, मला दाखवला. एक टिक. "हॉस्पिटलात फोन बंद असतो त्यांचा. सुरू केला की बघतील."

मी तळ्याकडे बघत उभी राहिले. आत्ता सांगायला पाहिजे, असं मला वाटत होतं. या बाईने मेलेल्या माणसाला पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं, आणि मी ते ऐकून घेतलं. दादाने तेवढं वचन घेतलं नव्हतं माझ्याकडून. पण ताई विमानतळावर निघाली असेल. दादा दिवसभर वाक्य जुळवत बसला असेल. त्याचा तो हक्क मी काढून घ्यायचा का, आणि घेतला तर कोणासाठी, हे मला ठरवता येईना. मागणी स्पष्ट नव्हती.

तळ्याच्या वळणावर एक उंच निलगिरी होती. तिचं पान नेहमीसारखं मळकट हिरवं. नुसती साल लोंबत होती.

"हे का नाही रंगलं?" काकूंनी विचारलं.

"ते इथलं आहे. बाकीची सगळी बाहेरून आणलेली. इंग्रज आले ना, त्यांना त्यांच्या घरचा ऑटम आठवायचा. मग इथल्या लोकांना हाकललं, रान तोडलं आणि स्वतःची झाडं लावली. आपण आत्ता जे बघतोय ना काकू, ती सजवलेली चोरी आहे."

"घरची आठवण येत असेल त्यांना."

"काकू, जमीन बळकावली त्यांनी."

"बळकावली ते वाईटच केलं. मी कुठे चांगलं म्हणतेय? आठवण येत असेल, एवढंच म्हटलं."

काकू लोंबत्या सालीला बोट लावून पुढे निघाल्या.

बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. थर्मासमधला चहा काकूंनी झाकणात ओतून आधी मला दिला. मग त्यांनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. ही त्यांची रोजची वेळ होती. आमच्याकडे अकरा वाजून गेले की तिकडे उजाडतं, आणि सासरच्या ग्रुपवर फुलं यायला लागतात. 'शुभ सकाळ'चे निरोप. काकूंच्या जाऊबाईंचा गणपती, नणंदेचा उगवता सूर्य आणि खाली सुविचार, पुतण्याचा दवबिंदू. मी त्यावर खूप टिंगल केली होती. आपल्या देशाचा निम्मा डेटा गुलाबांवर खर्च होतो, असं मी एकदा म्हणाले होते. काका मात्र दुसऱ्यांची चित्रं पुढे पाठवायचे नाहीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर गुलाब लावले होते. रोज उठून त्यातल्याच एकाचा फोटो काढायचे आणि तोच टाकायचे, बरेचदा हललेला.

काकूंनी फोन बघितला. बाजूला ठेवला. पुरीचा तुकडा मोडला, आणि पुन्हा फोन घेतला. स्क्रीनवर बोट खाली ओढलं, वर ओढलं.

"तुझा फोन चालतोय का गं?"

"हो."

"रेंज आहे इथे?"

"आहे की," मी म्हणाले. "पूर्ण आहे."

"हं," काकू म्हणाल्या. उरलेली पुरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली, डबा बंद केला, आणि डब्याचं झाकण लागलंय की नाही ते दोनदा दाबून बघितलं.

त्यानंतर त्या भराभर चालल्या. झाडांकडे बघत नव्हत्या. तळ्याच्या पलीकडे थोड्या उंचावर एक झाड एकटं उभं होतं, गिंको. पंख्यासारखी लहान पानं, सगळीच्या सगळी पिवळी, आणि खाली तेवढ्याच रुंदीचा पिवळा गोल पडलेला. वारा नव्हता तरी पान गळत होतं. काकू त्या गोलाच्या मधे जाऊन खाली बसल्या, गवतावर, मांडी घालून. मी समोर उभी राहिले. त्यांचा चेहरा बघितला आणि माझं ठरलं. बस झालं आता, काय व्हायचं ते होऊ दे.

"काकू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मी तुला काही विचारलं का?"

"नाही, पण..."

"विचारलं तर तू सांगशील. माहीत आहे मला. तुझा स्वभाव गेलं वर्षभर बघतेय. म्हणून तर विचारत नाही." त्यांनी हात पुढे केला. "बस इथे. उभी राहू नकोस अशी पोलिसासारखी."

मी बसले.

"ते आजारी पडल्यापासून त्यांचं फूल येत नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज रोजचा होता, भाजी कितीला मिळाली ते सांगावं तसा. "पण बाकीच्यांची येत होती. माझी जाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी गणपती टाकून मग आत गेली होती. लॉकडाऊन लागला, चक्रीवादळ आलं, गॅलरीतली पत्र्याची शेड उडाली, तरी हिचा गणपती होता. आज नाही. नणंदेचा सूर्य नाही. कोणाचंच काही नाही. घरात एवढी माणसं, तिकडे उजाडून किती वेळ झाला, आणि सगळे एकदम गप्प." त्या थांबल्या. "मला वाटलं इथे रेंज नसेल."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. पूर्ण आहे, असं मीच सांगितलं होतं.

दादाने सगळ्यांना बजावलं होतं, ग्रुपवर काही टाकायचं नाही. सगळ्यांनी मनापासून ऐकलं. नेहमीसारखी फुलं टाकत राहा, असं सांगायचं त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी कोणी टाकली नसती. घरात माणूस गेलेलं असताना शुभ सकाळ कोण लिहील? तेवढी रीत त्या घरात होती, आणि तिनेच घात केला.

"कधी?" काकूंनी विचारलं. त्याबद्दलचा हा त्यांचा पहिला सरळ प्रश्न होता.

"आपल्याकडे पहाट होती. तिकडे रात्र."

"त्रास झाला?"

"मला नाही माहीत काकू. खरंच नाही माहीत."

त्यांनी मान हलवली. मग स्वेटरच्या खिशातून मास्क काढला. उघड्यावर घालायची सक्ती तेव्हा नव्हती. त्यांनी तो लावला आणि वर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला, आणि त्याच्याआड बराच वेळ रडल्या. आवाज नाही. फक्त निळं कापड आत ओढलं जायचं आणि बाहेर फुगायचं. मी त्यांचा हात धरला होता. शेजारून माणसं जात होती. महामारीच्या दिवसांत मास्क लावून बसलेल्या बाईकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं.

मग एक पंजाबी कुटुंब त्या झाडाशी आलं. आजी, आजोबा, मुलगा, सून, दोन मुलं. सुनेने माझ्यापुढे फोन धरला. "दीदी, एक फोटो निकाल दोगे? सबका?" मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मास्क सारखा केला, उठून पिवळ्या गोलाच्या बाहेर झाल्या आणि मला म्हणाल्या, "घे काढून त्यांचा. सगळे आहेत त्यांचे." मी तीनचार फोटो काढले. आजी जाताना म्हणाली, "बहनजी, आप दोनों का भी ले लें?" आणि काकू म्हणाल्या, "आज नको." मराठीतच. पण त्या बाईला कळलं असावं, ती हात जोडून गेली.

आम्ही पुन्हा बसलो. निघू या का, असं मी दोनदा विचारलं.

"थांब. घरी गेलं की सगळे माझ्याकडे बघत बसतील. पाणी घे, गोळी घे, आडवी हो. इथे कोणी ओळखत नाही." पदरात पडलेलं एक पान त्यांनी बोटात धरून फिरवलं. "यांना फोटो काढता येत नव्हता. श्वास रोखून धरायचा असतो हे कितीदा सांगितलं. म्हणायचे, फूल हलतं, मी नाही." त्या हसल्या, आणि मास्क परत आत ओढला गेला.

मग त्यांनी मला जे सांगितलं त्यावर मी त्यांच्याशी भांडले. त्या म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस मला कळलं म्हणून."

"का? काकू, हे अजून एक खोटं झालं. त्याने तुमच्यापासून लपवायचं, मग तुम्ही त्याच्यापासून. किती दिवस चालणार हे असं? आमच्या घरी..."

"तुमच्या घरी तुम्ही सगळे शूर आहात," काकू म्हणाल्या. चिडून नव्हे. "माझा मुलगा नाहीये तसा. त्याला बापाला खांदा देता आला नाही. पाणी पाजता आलं नाही. आता आईला धरून सांगायचं, एवढंच एक त्याच्या हातात राहिलंय. तेही मी काढून घेऊ? उद्या आयुष्यभर म्हणेल, आईला मी एकटीला परक्या बागेत पाठवलं आणि तिथे तिला कळलं."

"आणि त्याने मला विचारलं तर? मी खोटं बोलणार नाही, हे मी त्यालाही सांगितलंय."

"तो नाही विचारणार," त्या म्हणाल्या. "माझाच आहे तो."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. माझ्याकडे दोन्ही बाजूंसाठी मुद्दे होते आणि त्या झाडाखाली त्यातला एकही मोठ्याने म्हणण्यासारखा नव्हता. काकूंनी उठायच्या आधी फोन काढला, झाडाचा फोटो घेतला. श्वास रोखून, दोन्ही हातांनी.

परतताना ऊन तिरपं झालं होतं. घराच्या गल्लीत शिरताना त्यांनी समोरची झडप खाली ओढली आणि तिच्यातल्या आरशात बघून डोळे पुसले. कपाळावरची टिकली जरा सरकली होती. ती नीट केली. आईच्या एका पत्रकाचं शीर्षक माझ्या ओठांवर आलं होतं, टिकली तुमची आहे, असं काहीतरी. मी गाडी लावली.

दारात ताईची बॅग होती. वहिनी युनिफॉर्ममध्येच उभ्या होत्या, ड्युटीवरून आल्या तशा. दादाने टोपी काढली होती.

"आई, बस जरा," तो म्हणाला.

काकू सोफ्यावर बसल्या. तो त्यांच्या पुढ्यात गालिच्यावर बसला आणि बोलायला लागला. त्याने खरंच पाठ केलं होतं. काल रात्रीपासून सुरुवात केली, डॉक्टर काय म्हणाले, ऑक्सिजन किती होता, व्हेंटिलेटर कधी लावला. मधे अडखळला. पुन्हा मागून सुरू केलं. काकूंनी एकदाही त्याचं बोलणं तोडलं नाही, पुढचं वाक्य त्याच्या आधी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. शेवटचे दोन शब्द त्याला निघेनात. तेव्हा त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ते शब्द त्याने तिथे, त्यांच्या पातळात तोंड खुपसून म्हटले. मग काकू मोठ्याने रडल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तो आवाज त्यांनी बागेत काढला नव्हता. तो इथल्यासाठी ठेवला होता, आणि त्यात काही नाटक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाभोवती चहाचे कप घेऊन बसले होते. नात तेवढी पुऱ्यांचा रिकामा डबा बडवत फिरत होती. अकरा वाजून गेले, आणि दादाचा फोन वाजला, मग ताईचा, मग वहिनींचा, एकामागून एक. ग्रुपवर काहीतरी आलं होतं.

काकूंनी टाकलं होतं. गिंकोचं झाड, अख्खं पिवळं, जराही न हललेलं. खाली फक्त 'शुभ सकाळ'.

"आई," दादा म्हणाला, "आज कशाला?"

"काल सकाळपासून सगळे गप्प बसलेत बिचारे," काकू म्हणाल्या. "किती वेळ बसतील?"

दादाने फोनकडे बघितलं. काल सकाळपासून, हे शब्द त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी नजर वळवली नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे त्याला माहीत होतं.

तो उठला. टेबलावरचे सगळ्यांचे कप गोळा केले आणि सिंककडे गेला. साताऱ्याहून पहिलं उत्तर जाऊबाईंचं आलं, नुसते जोडलेले हात. काकूंनी चष्मा लावून ते बघितलं. आत दादाने नळ सोडला होता आणि खूप वेळ तो तसाच चालू होता.